ग्रेट आर्टेशियन बेसिन: पाण्याचा वेग आणि दाबाचा वेग

ऑस्ट्रेलियातील ग्रेट आर्टेशियन बेसिनमधले भ्रंश, म्हणजे खडकांचे थर जिथे तुटून सरकले आहेत त्या भेगा, हा आजचा जाहीर विषय असला, तरी एक जुनी तक्रार नोंदवल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. या द्रोणीचा नकाशा सर्रास एकाच निळ्या रंगात रंगवतात आणि त्याला ‘भूमिगत समुद्र’ म्हणतात. सुमारे 17 लाख चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाखाली समुद्र नाही; ज्युरासिक आणि क्रिटेशस काळातील वालुकाश्मांचे थर आहेत, त्यांच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी आहे, आणि वर पंकाश्माचे (चिखलापासून बनलेल्या, पाणी सहज न झिरपू देणाऱ्या खडकाचे) जाड आवरण असल्याने ते दाबाखाली कोंडलेले आहे. काळ्या पाषाणातल्या विहिरी पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे थोडे परके वाटणारच.

हे पाणी आले कुठून, यावरून एकेकाळी चांगलीच जुंपली होती. 1878 साली न्यू साउथ वेल्समधल्या बर्क गावाच्या परिसरात बोअरमधून पाणी आपोआप उसळले आणि पुढे शेकडो बोअर झाल्या. 1906 साली ‘द डेड हार्ट ऑफ ऑस्ट्रेलिया’ या पुस्तकात भूवैज्ञानिक जे. डब्ल्यू. ग्रेगरी यांनी मांडले की यातले बरेचसे पाणी पावसाचे नसून पृथ्वीच्या पोटातले आहे. पाणी कढत, त्यात सोड्याचे क्षार, आणि भरवशाचा पाऊस शेकडो किलोमीटर पूर्वेला. तेव्हा ग्रेगरी यांना वेड्यात काढायचे कारण नाही. न्यू साउथ वेल्सचे सरकारी भूवैज्ञानिक एडवर्ड पिटमन यांनी मात्र पूर्वेच्या डोंगरउतारांवर उघड्या पडलेल्या वालुकाश्मातच पाऊस मुरतो, हा पक्ष सोडला नाही. (सरकारी माणसाचे म्हणणे खरे ठरल्याचे हे उदाहरण मी मुद्दाम जपून ठेवले आहे.) समस्थानिकांनी, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंनी, पुढे निकाल पिटमन यांच्या बाजूने दिला. क्लोरीन-36 या किरणोत्सारी समस्थानिकाचा अर्धायुष्यकाल सुमारे 3 लाख वर्षांचा असतो. त्यावरून दूरच्या भागातले पाणी 10 लाख वर्षांपेक्षाही जुने निघाले, म्हणजे ते वर्षाला जेमतेम काही मीटर सरकते.

दाब मात्र असा रेंगाळत नाही. भरलेल्या रबरी नळीची तोटी उघडताच पाणी बाहेर पडते, ते काही नळाकडून त्याच क्षणी निघालेले नसते. म्हणूनच विसाव्या शतकात अनेक बोअर वाहायच्या थांबल्या, तेव्हा खडकातले पाणी संपले नव्हते, दाब उतरला होता. तो मोजणेही वाटते तितके सोपे नाही: गरम बोअरची झडप बंद केल्यावर दाबमापकाचा काटा आधी चढतो, मग नळीतले पाणी थंड होऊन जड होते आणि काटा किंचित उतरतो. तापमानाची दुरुस्ती न करता दोन बोअरची तुलना केली, तर प्रवाहाची दिशाच चुकू शकते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे भ्रंशांविषयी थोडक्यात सांगतो. भ्रंशामुळे वालुकाश्म पंकाश्मासमोर येऊन ठेपला, तर आडवा प्रवाह अडतो. तोच भ्रंश फुटलेला असेल, तर पाणी वर चढते, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या लेक एअर या खाऱ्या सरोवराच्या आसपासचे कित्येक झरे अशाच जागी आहेत. क्वीन्सलंडच्या सुरत द्रोणीत हा प्रश्न रोकडा आहे. तिथे वॉलून कोळसाथरांतून वायू काढण्यासाठी आधी पाणी उपसून दाब उतरवावा लागतो, आणि त्यांच्या खालीच हटन वालुकाश्म आहे. त्याला झळ किती लागेल, हे मधल्या थरांवर आणि भ्रंशांवर अवलंबून असल्याने दोन्ही थरांचा दाब स्वतंत्र निरीक्षण-बोअरमध्ये मोजावा लागतो, आणि तोही भ्रंशाच्या दोन्ही अंगांना.