लॉस एंजेलिस, जून 1943 : कोटावरून ठरलेला गुन्हा

आधी हा पोशाख नीट बघून घ्या. जून 1943 मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर पोरांना मार पडला, तो यावरूनच.

खांद्यांत भराव घातलेला, गुडघ्यांकडे उतरणारा लांब कोट. पोटाच्या वर चढवलेली पँट, मांडीला ऐसपैस आणि घोट्याशी आवळलेली, नाचताना पायात येऊ नये म्हणून. खिशातून लोंबणारी साखळी, जाड तळाचे बूट, मागे वळवून बसवलेले केस. हा झूट सूट. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या नाचघरांतून तो देशभर पसरला आणि लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन घरांतल्या पोरांनी तो उचलून धरला. यातली बहुतेक पोरं अमेरिकेतच जन्मलेली, अमेरिकेचीच नागरिक.

तरीही पोहण्याच्या अनेक सार्वजनिक तलावांवर त्यांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश मिळायचा. सिनेमागृहात बसायची जागा वेगळी. 1930 च्या दशकात मंदी आली तेव्हा मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना मेक्सिकोला धाडून दिलं गेलं, त्यात अमेरिकेत जन्मलेली मुलंही होती. मग दुसरं महायुद्ध सुरू झालं, कारखान्यांना माणसं कमी पडू लागली आणि या पोरांच्या हातात पहिल्यांदाच चार पैसे खुळखुळू लागले. त्या पैशांतून त्यांनी ऐटबाज कपडे शिवून घेतले. यात कुणाचं काय बिघडत होतं?

मार्च 1942 मध्ये सरकारच्या युद्ध उत्पादन मंडळाने सूट शिवताना कापड 26 टक्क्यांनी कमी वापरायचा नियम काढला. झाला, लांब कोट रातोरात देशद्रोहाची खूण ठरला. त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या कुटुंबांना उचलून छावण्यांत डांबण्यात आलं. लॉस एंजेलिसमधली त्यांची वस्ती ओस पडली आणि संशयाची नजर पुढच्या वस्तीकडे वळली.

(दृश्य : शेतमळा, मागे पाण्याचा साठा)

तलावांवर मज्जाव असलेली पोरं शेताच्या पाण्याच्या एका साठ्यात पोहायला जायची. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव पाडलं ‘स्लीपी लगून’. 2 ऑगस्ट 1942 च्या पहाटे तिथे जवळच होझे दियाझ हा 22 वर्षांचा तरुण जखमी अवस्थेत सापडला आणि रुग्णालयात मरण पावला. तो लवकरच सैन्यात हजर होणार होता. घाव कुणी घातला, हे पाहणारा एकही साक्षीदार नव्हता. तरी पोलिसांनी वस्त्या पिंजून सुमारे 600 तरुणांना उचललं आणि 22 जणांवर एकत्रच खटला भरला.

हा खटला ज्या पद्धतीने चालला ती चीड आणणारी आहे. आरोपींना स्वतःच्या वकिलांशेजारी बसू दिलं गेलं नाही. सुरुवातीला केस कापायची आणि कपडे बदलायची परवानगीही नाकारली. आधी पोरांना कळकट ठेवायचं आणि मग तीच गुंडांची टोळी म्हणून ज्युरीपुढे उभी करायची! त्याआधी शेरीफच्या खात्यातला एड दुरान आयर्स ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, अहवाल वाचून गेला होता. रक्त सांडण्याची ओढ मेक्सिकन माणसात अ‍ॅझ्टेक या मेक्सिकोतल्या प्राचीन पूर्वजांपासून उतरली आहे, असं त्याचं म्हणणं. पाळीव मांजर आणि रानमांजर यांचा दाखलाही त्याने दिला : एक माणसाळतं, दुसऱ्याला पिंजऱ्यातच ठेवावं लागतं. सरकारी अधिकारी हे कागदावर लिहून देतो आणि कुणी त्याला थांबवत नाही! मला वाटतं, पुढच्या जूनमधली मारहाण या कागदापासूनच सुरू झाली. जानेवारी 1943 मध्ये 12 जण खुनासाठी दोषी ठरले, पाच जण मारहाणीसाठी, बाकीचे पाच सुटले.

नौदलाच्या खलाशांचं प्रशिक्षण केंद्र चावेझ रव्हीन या मेक्सिकन वस्तीला लागूनच होतं. शहरात जाता-येता त्यांची पोरांशी शेरेबाजी, धक्काबुक्की व्हायची. 3 जून 1943 च्या रात्री पन्नासेक खलाशी सोटे घेऊन बाहेर पडले. कारमेन थिएटरमध्ये त्यांनी दिवे लावायला लावले, खुर्च्यांच्या रांगांतून फिरून झूट सूटवाली पोरं शोधली, ओढून बडवली, अंगावरचे कपडे फाडले. पहिल्या रात्री मार खाल्लेल्यांत 12-13 वर्षांची मुलं होती. दुसऱ्या रात्री सुमारे 200 खलाशी टॅक्सींची रांग करून थेट पूर्वेकडच्या वस्त्यांत शिरले.

7 जूनला शहराच्या मध्यभागी सुमारे पाच हजारांचा जमाव जमला, सैनिकांबरोबर सामान्य नागरिकही. ट्राम थांबवून माणसं खाली खेचली गेली. आता कोट कुणी बघत नव्हतं, रंग पुरेसा होता : मेक्सिकन, कृष्णवर्णीय, फिलिपिनो.

(दृश्य : त्या दिवसांतली दोन छायाचित्रं)

या छायाचित्रात कपडे ओरबाडलेला मुलगा रस्त्यावर आहे आणि भोवती लोक बघत उभे आहेत. दुसरं 9 जूनचं. तुरुंगाबाहेर पोरांची रांग, एकमेकांना साखळीने बांधलेली, कोर्टात निघालेली. मार खाल्लेल्यांनाच अटक झाली होती. पोलीस जमावाच्या मागोमाग जायचे, सगळं आटोपलं की पडलेल्यांना गाडीत भरायचे. शेकडो पोरं अशी आत गेली, तर खलाशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सैनिकांनी गुंडांना धडा शिकवला, असा वर्तमानपत्रांचा सूर होता.

8 जूनला लष्कराने आणि नौदलाने सैनिकांना शहरात जायला बंदी केली, आणि मारहाण थांबली. चार दिवस आधीच हा हुकूम निघाला असता तर? नौदलाच्या स्थानिक वरिष्ठांनी मात्र आपल्या माणसांनी स्वसंरक्षण केलं, असं सांगितलं. नगर परिषदेने झूट सूट घालणं हाच गुन्हा ठरवणारा ठराव केला. महापौर फ्लेचर बाउरन म्हणाले, यात वंशाचा प्रश्नच नाही. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी हा वंशद्वेषच आहे असं लिहिलं, तर ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने त्यांच्यावर कम्युनिस्टांची भाषा बोलण्याचा आरोप केला. पण कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी नेमलेल्या समितीलाही वंशद्वेषच दिसला, आणि वर्तमानपत्रांचा त्यातला हातही.

याच दिवसांतली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मे 1943 च्या अखेरीस अलास्काजवळच्या अटू बेटावर जपानी खंदकांवर चाल करून जाताना जो मार्टिनेझ नावाचा शिपाई पडला. मूळचा अमेरिकेतल्याच न्यू मेक्सिको राज्याचा, शेतमजुरांच्या घरातला. देशाने त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हा सर्वोच्च सन्मान दिला. त्याच्या मृत्यूला दोन आठवडेही होत नाहीत तोच लॉस एंजेलिसमध्ये त्याच्यासारख्या चेहऱ्याची पोरं ट्राममधून खाली ओढली जात होती.

स्लीपी लगूनच्या पोरांसाठी बचाव समिती उभी राहिली. लेखक-वकील केरी मॅकविल्यम्स तिचे अध्यक्ष. अ‍ॅलिस मॅकग्राथ तुरुंगात जाऊन मुलांना भेटत राहिल्या, कामगार संघटनांनी पैसे जमवले. ऑक्टोबर 1944 मध्ये अपील न्यायालयाने सगळ्या शिक्षा एकमताने रद्द केल्या. होझे दियाझला कुणी मारलं, ते कधीच सिद्ध झालं नाही.

याच प्रकरणात काही मुलींनाही पकडलं होतं. मुलांविरुद्ध साक्ष द्यायला त्या तयार झाल्या नाहीत. त्यांतल्या काहींना व्हेंचुराच्या सुधारगृहात पाठवलं गेलं. अपिलाचा निकाल लागला, तुरुंगातली मुलं घरी आली, पण मुलींना त्या निकालाचा काहीच उपयोग झाला नाही. त्यांच्यावर खटला कधी चाललाच नव्हता.