नावापुढे 'गावी' लिहिलेली माणसं

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय परळच्या आमच्या लायब्ररीबद्दल. चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, तीन लोखंडी कपाटं, मधे एक लांब टेबल, एवढीच ती शाखा, पण आम्ही तिथेच मोठे झालो.

1898 मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं आणि पुढे त्याच्या शाखा मुंबईभर पसरल्या. दुसऱ्यांनीही आपापल्या भागात वाचनालयं काढली, कारण गिरणीत आठ तास उभा राहून दमलेला माणूस पुस्तकासाठी लांब कुठे जाणार, पुस्तकच त्याच्या गल्लीत यायला हवं ना. आमची शाखा संध्याकाळी उघडायची ती त्याचसाठी, पहिली पाळी सुटली की माणसं घरी जाऊन आंघोळ-चहा करून यायची आणि एकच पेपर पानं सुटी करून पाच जण वाचायचे, ज्याला वाचता येत नव्हतं त्याला शेजारचा हळू आवाजात वाचून दाखवायचा.

1967 मध्ये राज्याचा ग्रंथालय कायदा आला, वाचनालयांचे अ ब क ड वर्ग आले, त्याप्रमाणे सरकारी अनुदान आलं. ते असो.

आमची खरी धामधूम दिवाळीत! 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, मराठीतला पहिला, तिथून जे वेड लागलं ते आमच्या गल्लीपर्यंत पोचलेलं. एकदाच पैसे भरायचे आणि सगळे अंक एकेक करून घरी न्यायचे, आई खाकी कव्हर घातलेला अंक पिशवीत लपवून आणायची कारण वाटेत कुणी मागितला तर नाही म्हणता येत नसे, आणि शिमगा आला तरी आमचे अंक काही संपायचे नाहीत.

मग 18 जानेवारी 1982. संप. अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर. घरात रेशनचे वांधे तिथे लायब्ररीची वर्गणी कोण भरणार? डिपॉझिट परत मागायला लोक यायचे, मान खाली घालून, आणि ग्रंथपाल काका पैसे द्यायचे अन् वर विचारायचे, "पुस्तक कुठलं नेतोस?" कितीतरी जण कोकणात, घाटावर निघून गेले. काकांनी रजिस्टरमध्ये एकाचंही नाव खोडलं नाही, पुढे फक्त 'गावी' असं लिहिलं. माझ्या बाबांच्या नावापुढेही तेच आहे, मी स्वतः पाहिलंय, निळ्या शाईत.

चाळ आता पाडायला काढलीय, कपाटं दुसरीकडे हलवलीत, पण शाखा चालू आहे. तुमच्याकडे, गावच्या घरात, माळ्यावर, ट्रंकेत, परळच्या वाचनालयाचा शिक्का असलेलं जुनं पुस्तक असेल तर घेऊन या. संध्याकाळी सहानंतर कधीही या, दंड घेत नाही आम्ही.