वारा लहान होत नाही

(रंध्याचा आवाज)

नागपूरच्या महाल भागातलं हे दुकान. खाली पडताहेत त्या सालपटी सागाच्या. दाराच्या चौकटी करून उरलेला, बल्लारशाच्या डेपोतून आलेला साग. त्यातून सुतारकाका ज्या होडीची छोटी प्रतिकृती घडवताहेत, तिचा नागपूरशी तसा काही संबंध नाही.

ही ड्रॅगन. नॉर्वेच्या योहान अंकर यांनी 1929 साली आखलेली शिडाची नौका. लांबी 8.9 मीटर, वजन सुमारे 1700 किलो. घरच्यांनी खाड्याखाड्यांतून भटकावं म्हणून मुळात आत दोन बिछाने होते! पुढे शर्यतींनी ते खाल्ले. 1948 ते 1972 ती ऑलिम्पिकमध्ये होती. 1960 साली ग्रीसचे युवराज कॉन्स्टन्टाइन हिच्यावरच सुवर्णपदक जिंकले.

आता काकांचे हात पाहा. पट्टी कुकरच्या वाफेवर धरायची, नरम झाली की फासळ्यांवर वाकवायची, कडेला कड भिडवायची. एकीवर दुसरी चढवायची नाही. बोट फिरवलं तर जोड कळता कामा नये. सागाच्या अंगात तेल, म्हणून तो पाण्याला दाद देत नाही. पण तेच तेल गोंदालाही धरू देत नाही. प्रत्येक कड आधी थिनरनं पुसायची. शिवाय सागात वाळूचा अंश असतो, पटाशीची धार खातो.

मग हिशेब. दहापट लहान केली की लांबी 89 सेंटिमीटर. वजन मात्र हजारपट घटतं, 1.7 किलोवर येतं. शीड शंभरपटच घटतं. आणि वारा? तो तेवढाच. खऱ्या ड्रॅगनच्या तळाला टनभर ओतीव लोखंड असतं म्हणून ती सावरते. तीच मापं जशीच्या तशी उतरवली तर ही फुटाळा तलावावर पहिल्याच झोतात आडवी. म्हणून तळाचं शिसं नकाशाबाहेर जाऊन दोन बोटं खोल सोडलंय. काकांना ते अजून खुपतं.

“बेइमानी आहे भाऊ. पन वाऱ्याले कोन सांगते?”

1973 पासून ड्रॅगन फायबरच्याही होऊ लागल्या. साचा एकदा केला की झालं, पट्टी वाकवायला नको. 2023 च्या सप्टेंबरात नाग नदीचं पाणी दुकानात शिरलं, काकांची पहिली होडी गेली. ही दुसरी.

फुटाळा. सकाळचे सात. शीड अजून सैल आहे.

काकांनी हात काढला.

(फक्त वाऱ्याचा आवाज)