नाव दोनदा, मत एकच: न्यूयॉर्कची मतपत्रिका

नमस्कार मंडळी. न्यूयॉर्कची मतपत्रिका दाखवली की हमखास येणारा प्रश्न: एकाच माणसाचं नाव दोनदा कसं? आपल्याकडे सारखं नाव दिसलं की मतं खायला डमी उभा केलाय, हे लगेच कळतं. तिथे मात्र माणूस एकच असतो, तिकिटं दोन पक्षांची.

२०२५च्या न्यूयॉर्क शहराच्या महापौर निवडणुकीत ममदानी पहिल्या ओळीत डेमोक्रॅटिक म्हणून होते आणि खाली पुन्हा वर्किंग फॅमिलीज पक्षाकडून. घोटाळा म्हणून ओरड झाली. पण राज्याचा कायदाच तसा आहे. दुसऱ्या पक्षातला उमेदवार घ्यायचा तर त्याला तिकीट देणाऱ्या पक्षाच्या समितीची परवानगी लागते, हे १९४७च्या विल्सन-पाकुला कायद्यात आहे.

आता नीट ऐका. मत देताना नावाजवळचा गोल एकच भरायचा. उमेदवार आवडतो म्हणून दोन्ही ओळींतले गोल काळे केले, तरी त्याला मत एकच मिळतं. यंत्र वरच्या ओळीतलं मत धरतं आणि खालच्या छोट्या पक्षाला काहीच मिळत नाही.

मग ओळ कुठलीही निवडली तर काय बिघडलं? उमेदवाराचं काहीच नाही, कारण शेवटी सगळ्या ओळींची बेरीज होते. पक्षाचं मात्र बिघडतं. गव्हर्नर किंवा राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्या ओळीवर २ टक्के किंवा १,३०,००० मतं, यांतला जो आकडा मोठा तितकी, मिळाली नाहीत तर मतपत्रिकेवरची हक्काची ओळ जाते. १९६०च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत या राज्यात केनेडींची नुसत्या डेमोक्रॅटिक ओळीवरची मतं निक्सनपेक्षा कमी होती. लिबरल पक्षाच्या ओळीवरच्या चार लाखांहून अधिक मतांनी राज्य जिंकून दिलं. प्रत्येकाने दोन-दोन गोल भरले असते, तर लिबरल पक्षाचा हा वाटा दिसलाच नसता.

ओरेगॉन राज्यात नाव एकदाच छापतात आणि शेजारी तीनपर्यंत पक्ष लिहितात. गोंधळ नाही, पण मत कुठल्या पक्षामुळे आलं हेही कळत नाही. म्हणून मला न्यूयॉर्कची किचकट पद्धतच पटते.

आणि दोन वेगवेगळ्या उमेदवारांचे गोल भरलेत, तर त्या पदाचं मत बाद. स्कॅनर इशारा देतो. तेव्हा घाईत पुढे जाऊ नका. मतपत्रिका परत घ्या, नवी मागा. पहिली धरून तीन मिळतात.