आधी कुत्र्याचं विचारा

[दृश्य: बेळगाव, शहापूर. दुकानाच्या काउंटरवर उघडं पोतं, बाजूला तराजू.]

"किती महिन्याचं पिल्लू हाय ओ? नीट खाऊलालंय नव्हं?"

गिऱ्हाईक पायरी चढतं न चढतं तोच दुकानदाराचे हे दोन प्रश्न. नाव-पत्ता मागाहून. अ‍ॅपचं मात्र उलटं असतं: आधी ओटीपी, मग लोकेशन, मग जाहिराती, आणि कुत्र्याची पाळी सगळ्यात शेवटी. कुत्र्या-मांजरांचं खाणं घरपोच देणारं अ‍ॅप बेळगावसाठी आखायचं, तर आम्ही दुकानदाराचा क्रम उचलू.

[दृश्य: कागदावर पेन्सिलीने काढलेली पहिली स्क्रीन.]

पहिल्या स्क्रीनवर तीनच गोष्टी: कुत्रा की मांजर, वय, वजन. जात विचारायचीच तर नंतर, कारण जातींच्या तयार याद्या बहुधा परदेशी असतात. त्यात लॅब्राडोर असतो, पग असतो, पण गावठी कुठून असणार? शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा २००५ साली टपाल तिकिटावर झळकला, तरी अशा यादीत त्याची रवानगी 'इतर'मध्ये होते. वर मुधोळची कंबर मुळातच खपाटीला गेलेली. फोटो बघून 'वजन कमी' असा लाल शेरा मारणाऱ्या अ‍ॅपवर इथला माणूस कशाला विश्वास ठेवील?

वजन कळलं की पुढचा हिशेब सोपा. पाकिटामागच्या तक्त्याप्रमाणे दिवसाला २०० ग्रॅम लागत असेल, तर ३ किलोची पिशवी १५ दिवस जाते. बाराव्या दिवशी एक आठवण करून द्यायची, बस्स. 'तुमचा टॉमी उपाशी आहे' असले रोजचे मेसेज आले की लोक अ‍ॅप काढून टाकतात, आणि बरोबरच करतात.

दुकानदार आणखी एक करतो, टोकतो. खाणं बदलायचं तर जुन्यात नवं थोडंथोडं मिसळत ७ ते १० दिवस घ्यावेत, नाहीतर पोट बिघडतं. ही सूचना पैसे भरायच्या आधी दिसली पाहिजे. मांजरासाठी कुणी कुत्र्याचं खाणं निवडलं, तर तिथंच थांबवायचं. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि कुत्र्याच्या खाण्यात ते पुरेसं असेलच असं नाही.

[दृश्य: वडगावातलं घर. आजी आणि नातू, एकच फोन.]

आता भाषा. फोन कर्नाटकात आहे म्हणून अ‍ॅप आपोआप कन्नड, हे चालणार नाही. आडनाव बघून मराठी, हेही नाही. आजी मराठी वाचते, नातू कन्नड शाळेत जातो, फोन दोघांत एकच. भाषेचं बटण प्रत्येक स्क्रीनवर हवं, त्यावर प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत, आणि भाषा बदलली म्हणून निवडलेलं सामान उडून जाता कामा नये.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ऑर्डर मराठीत दिली तरी पोचवणारा पोरगा कन्नड वाचणारा असू शकतो. म्हणून 'बेल वाजवू नका', 'कुत्रा मोकळा आहे' या सूचना लिहायला लावायच्या नाहीत, बोटानं निवडायला द्यायच्या. त्या त्याच्या फोनवर त्याच्या भाषेत उमटतात. कुत्रा मोकळा असताना हे किती कामाचं, ते त्यालाच विचारा.

पत्त्याला नुसता नकाशा पुरत नाही. टिळकवाडीत 'दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं की पलीकडं' हे आधी कळायला हवं. गेट पडलं की 'तीन मिनिटांत पोचतो' याला काही अर्थ राहत नाही.

[दृश्य: शिनोळीचा रस्ता, राज्याची हद्द.]

शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, पण बाजार बेळगावचा. इथं कर आडवा येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आत उलाढाल असलेला दुकानदार जीएसटी नोंदणीशिवाय अ‍ॅपवरून माल विकू शकतो, पण राज्याच्या आतच. हद्दीपलीकडं माल धाडायचा तर नोंदणी हवीच. म्हणजे शहापूरचं छोटं दुकान शिनोळीच्या गिऱ्हाइकाला दाखवायचं, पण कारणासकट: 'हे दुकान राज्याबाहेर माल पाठवू शकत नाही.' आणि लगेच खाली, पाठवू शकणारी दुकानं. नुसतं 'तुमच्या भागात सेवा नाही' वाचलं, तर तो फोन खिशात घालील, गाडीला किक मारील आणि स्वतःच बेळगावला येईल.