शेजारचा टॅब

(दृश्य: संगणक कक्ष. विद्यार्थिनीची स्क्रीन जवळून.)

हा कर्सर बघा. डॉक्टरांच्या एका संस्थेच्या पानावर कधीचा वर-खाली फिरतोय. लोगो नीटनेटका, पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ओआरजी’, लेखाखाली संदर्भांची रांग. आता तो ‘आमच्याविषयी’वर गेला. म्हणजे संस्था भरवशाची आहे का, हे त्या संस्थेलाच विचारणं चाललंय!

सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या अमेरिकन संशोधकांनी २०१७ साली नेमकं हेच तपासलं. ४५ जण बसवले: १० इतिहासकार, १० फॅक्ट-चेकर, म्हणजे माहितीचा खरेखोटेपणा तपासणं हाच ज्यांचा पेशा, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे २५ विद्यार्थी. पुढ्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची पानं. एक १९३० पासूनची मोठी संघटना, दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटलेला छोटा गट. नावं जवळपास सारखीच. बरेच विद्यार्थी फुटीर गटाला भुलले, इतिहासकारांचीही गडबड झाली. फॅक्ट-चेकर मात्र पानावर रेंगाळलेच नाहीत.

(दृश्य: नवा टॅब उघडतो.)

फॅक्ट-चेकर काय करत होते, ते इथे दिसतंय. मूळ पान तसंच ठेवून तिनं शेजारी नवा टॅब उघडला आणि त्यात संस्थेचं नाव टाकलं. पहिल्याच निकालावर क्लिक नाही. आधी खालचे चार-पाच नजरेखालून घातले, संस्थेविषयी दुसरं कोण काय लिहितंय ते पाहिलं. मग विकिपीडिया, आणि तिथे थेट तळटिपा. अवघं दोन-तीन मिनिटांचं काम. पण हे कुणी शिकवलं तर येतं. शिक्षणावर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये संगणक-इंटरनेटच्या जगातच वाढलेल्या पिढीला ‘डिजिटल नेटिव्ह’ म्हटलं आणि ‘यांना सगळं येतंच’ म्हणून मोठ्यांनी हात झटकले. बोटं सराईत चालतात हो, प्रश्न तो नाहीच.

(दृश्य: पुराचा फोटो. शोधाचे निकाल.)

वर्गाच्या ग्रुपवर ‘आजचा’ म्हणून आलेला हा फोटो. टिनआय या, फोटो आधी कुठे कुठे आलाय ते शोधणाऱ्या साइटवर चढवला, निकाल ‘सर्वात जुना आधी’ असे लावले. तोच पूल, तीच बुडालेली बस, तारीख मात्र कितीतरी वर्षांपूर्वीची. डावीकडचा कोपरा पाहा: मूळ फोटोत तिथे छायाचित्रकाराचं नाव आहे, ग्रुपवर येईपर्यंत ते कापलं गेलंय.

अशा फॉरवर्डपायी माणसांचे जीवही गेलेत.

(दृश्य: फोनवर टाइप करणारी बोटं.)

फोटो तिनंही पुढे पाठवला होता. ‘सर्वांसाठी डिलीट’ समोरच आहे. पण ज्यांनी आधीच पाहिला, त्यांचं काय? ती लिहिते, “फोटो जुना आहे. मूळ लिंक खाली. न तपासता पाठवला, सॉरी.” मागच्या बाकावरचा मुलगा हाच मेसेज कॉपी करतोय. त्यानं तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता.