पायाखालचा रस्ता

(वाचनालयाच्या सभागृहात सिनेमा दाखवायच्या आधी जे बोललो त्याचं हे शब्दांकन. थोडी काटछाट केलीये. विषयांतरं काढून बघितली, पण मग फारसं काही उरेना, म्हणून परत घातली.)

नमस्कार. पुढे या की, पहिल्या दोन रांगा रिकाम्या आहेत, मी काही पाणी उडवत बोलत नाही.

मला पंचवीस मिनिटं दिलीत आणि त्यात मला तुम्हाला एक सिनेमा पटवायचाय. नाव 'मीक्स कटऑफ', साल २०१०, दिग्दर्शिका केली रायकार्ट. कटऑफ म्हटल्यावर इथल्या काही पालकांच्या पोटात गोळा आला असेल, तर सांगतो, ॲडमिशनशी संबंध नाही. तिकडे जुन्या काळी कटऑफ म्हणजे शॉर्टकट. मीक नावाच्या माणसाचा शॉर्टकट. गोष्ट १८४५ सालची, अमेरिकेतल्या ऑरेगनच्या वाळवंटातली. पश्चिमेला वस्ती करायला निघालेली तीन कुटुंबं, तीन गाड्या, एक वाटाड्या, आणि पाणी संपत चाललंय. बस. एवढीच स्टोरी आहे, मी काही फोडली वगैरे नाही.

आता वेस्टर्न म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर घोडे येतात, टोप्या, धडाधड गोळीबार. इथे बैल आहेत. खरेखुरे बैल, आणि त्या गाड्यांना स्प्रिंग नाही आणि आत सामान खच्चून भरलेलं, त्यामुळे माणसं गाडीत बसतच नाहीत, शेजारनं चालतात. तीन हजार किलोमीटरच्या वर रस्ता आणि बहुतेकांनी तो पायी काढला, चार-सहा महिने. गाडीचं चाक कुरकुरतं ना, वंगण नसलं की, तो आवाज या सिनेमाभर आहे, दुसरं पार्श्वसंगीत जवळपास नाहीच म्हणा. माझ्या आजोबांची गाडी अशीच कुरकुरायची आणि आजी म्हणायची, ही गाडी येतेय ते पार वेशीपासनं कळतं, चोरीला गेली तरी सापडेल. असो.

तर मीक. हा मीक म्हणतो, मला रस्ता माहितीये. माझ्या पायाखालचा आहे. आणि हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो, का ते सांगतो, दोन मिनिटं लागतील. (हशा. घरच्या मंडळींना माहितीये की दोन मिनिटं लागत नाहीत.)

२०१३ च्या डिसेंबरात आम्ही चौदाजण राजस्थानला गेलो होतो. टेम्पो ट्रॅव्हलर, ड्रायव्हर, आणि एक टूर मॅनेजर. कंपनीचं नाव सांगत नाही, अजून चालू आहे ती. हा मॅनेजर म्हणजे काय सांगू, गळ्यात मफलर, डोळ्यावर गॉगल, आणि तोंडात सतत 'काका, मी इथे डोळे मिटून गाडी घालतो'. जैसलमेरहून रामगढ, तनोटमाता, लोंगेवाला असं सगळं व्यवस्थित झालं, १९७१ चे रणगाडे बघितले, फोटो काढले, पुऱ्या खाल्ल्या. परत त्याच रस्त्याने यायचं होतं, सरळ डांबरी रस्ता, दोन-अडीच तास. तर हा म्हणाला, काका, त्याच रस्त्याने काय जायचं, मी तुम्हाला आतनं सरळ समच्या वाळूवर काढतो, सूर्यास्तपण मिळेल.

सूर्यास्त मिळाला. फक्त आम्ही समला नव्हतो.

डांबर संपलं, मग खडी संपली, मग रस्त्यावर वाळू की वाळूत रस्ता हे कळेना, आणि मागचं डावं चाक बसलं. मोबाईलला रेंज नाही, बॉर्डरच्या बाजूला तेव्हा मिळत नव्हतीच. आता नीट ऐका, इथनं पुढचं महत्त्वाचं आहे. आम्ही सगळे पुरुष खाली उतरलो आणि बॉनेटपाशी गोल करून उभे राहिलो. का? बॉनेटमध्ये काही बिघाड नव्हता! चाक मागचं रुतलेलं! पण पुरुषांना संकटात बॉनेटपाशीच उभं राहायचं असतं. अर्धा तास आम्ही चर्चा केली, पश्चिम कुठली, मागे जावं की पुढे, चूक कोणाची, माझा मेव्हणा बँकेतला, त्याने तर 'आता इतके आलोच आहोत तर' असं सुरू केलं. बायका आणि पोरं आत, वाळू येते म्हणून काचा वर. त्यांना आमचे हातवारे दिसतायत, ऐकू येतंय ते तुटक तुटक.

आणि त्या अर्ध्या तासात आमच्या हिने काय केलं, तर पाण्याच्या बाटल्या मोजल्या. सात निघाल्या. चौदाजण, ड्रायव्हर, मॅनेजर, दोन लहान पोरं, त्यातल्या एकाला ताप. आम्ही काही मरणार वगैरे नव्हतो हो, उगाच रंगवत नाही, पण बाटल्या सात आहेत हे बॉनेटपाशी कोणालाच माहीत नव्हतं आणि विचारायचं सुचलंही नाही.

मग एक माणूस शेळ्या घेऊन आला. त्याची मारवाडी आम्हाला कळेना, आमचं हिंदी त्याला कळेना, आमचं हिंदी तसं कोणालाच कळत नाही. तो हाताने एकीकडे दाखवत होता. मॅनेजर म्हणाला, त्याचं ऐकू नका काका, कोण कुठला, बॉर्डर एरिया आहे. ही काच खाली करून उतरली, पिशवीतनं बाकरवडीचं पाकीट काढलं, त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, दादा, पुढे चला, आम्ही येतो मागनं. मराठीत! तो चालायला लागला. चाक काढलं आणि त्याच्या मागनं गेलो, पंचवीस मिनिटांत डांबर.

इथे गोष्ट संपायला हवी पण संपत नाही. हॉटेलवर पोचल्यावर मॅनेजर सगळ्यांना सांगत होता की मी त्याच दिशेला म्हणत होतो. आणि शेवटच्या दिवशी जादा किलोमीटरचं बिल लावलं. बासष्ट किलोमीटर. शॉर्टकटचे! मी भांडलो, बाकीचे म्हणाले जाऊ दे ना आता. फीडबॅक फॉर्मवर बारा जणांनी त्याला 'उत्कृष्ट' दिलं. या बारा जणांवर माझा राग मॅनेजरपेक्षा जास्त आहे आणि त्यातले तीन आत्ता इथे बसलेत.

अरे, चिठ्ठी आली. 'आठ मिनिटे.' बरं. म्हणजे सिनेमा राहिलाच की.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. ऑरेगन म्हटलं की लोकांना हिरवी जंगलं आठवतात, ती पश्चिमेला. मध्ये कॅस्केड नावाची डोंगररांग आहे, समुद्राकडून आलेले ढग तिकडेच रिकामे होतात आणि पूर्वेला उरतं हे वाळवंट, वाळूचं नाही, खुरट्या झुडपांचं, मातीचं, क्षारांचं. पर्जन्यछाया. हे सातारकरांना मी काय सांगणार, महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि आमच्या माण तालुक्यात पाचशेची मारामार. म्हणून हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो परदेशी वाटलाच नाही. सुरुवातीला कोणी एक शब्द बोलत नाही, माणसं नुसती नदी ओलांडतायत, बायका छातीभर पाण्यात, एकीच्या हातात पिंजरा, त्यात पाखरू. भांडी घासतायत, पाणी भरून घेतायत. तेवढं पाणी मग पुढे दिसतच नाही. एक तळं लागतं तर ते खारं. मध्ये सोनं सापडतं, खरं सोनं, आणि कोणाला त्याचं काय करावं कळत नाही, कारण पिता येत नाही.

आता मुद्दा, भराभर. मिशेल विल्यम्सने एमिली नावाच्या बाईचं काम केलंय. तिच्या डोक्यावर ते खोल बॉनेट, हे दुसरं बॉनेट, टोपडं म्हणा, पुढे झुकलेलं, की डावी-उजवीकडचं काही दिसू नये. आणि अख्खा सिनेमा जुन्या टीव्हीसारख्या चौकोनी चौकटीत आहे. वाळवंटाचा सिनेमा, सगळे अशा वेळी लांबरुंद पडदा घेतात, हिने तो कापला. रायकार्टने स्वतः सांगितलंय की ही चौकट म्हणजे त्या बॉनेटमधनं दिसणारं जग, आणि रुंद पडद्यावर तुम्हाला उद्या कुठे पोचणार ते आधीच दिसलं असतं. म्हणजे तुम्हाला तेवढंच दिसतं जेवढं त्या बायकांना दिसतं. आणि ऐकू पण तेवढंच. पुरुष लांब उभे राहून ठरवतायत, मीकला ठेवायचं की टांगायचं, आणि आपण बायकांबरोबर इकडे, तुटक शब्द पकडत. मी तर उडालोच होतो खुर्चीत. ही तर आमची टेम्पो ट्रॅव्हलर!

मीकचं काम ब्रूस ग्रीनवूडचं, दाढीत ओळखू येत नाही. भयंकर बोलतो. बायका म्हणजे काय आणि पुरुष म्हणजे काय यावर तो एमिलीला प्रवचन देतो, रस्ता चुकलेला असताना. आणि गंमत अशी की तो खोटारडा आहे, मूर्ख आहे की नुसता घाबरलाय, हे सिनेमा सांगत नाही. एमिलीलाही कळत नाही. मग त्यांच्या हाती एक तिथला मूळ रहिवासी लागतो, रॉड रॉन्डो नावाचा नट. त्याची भाषा कोणालाच कळत नाही, आणि खाली सबटायटल दिलेलं नाही, मुद्दाम. तो पाण्याकडे नेतोय की मरणाकडे, कोणास ठाऊक. एमिली त्याची फाटलेली पादत्राणं शिवून देते. दया म्हणून नाही, त्याने आपल्या उपकारात राहावं म्हणून. बाकरवडी, दुसरं काय. बरोबर ना हो? (प्रेक्षकांतून: 'मला भीती वाटली होती म्हणून दिली.') बघा, हेच.

खरा स्टीफन मीक होऊन गेला, १८४५ मध्येच. सिनेमात तीन गाड्या आहेत, खऱ्या दोनशेच्या आसपास होत्या, हजारावर माणसं. भटकले, पाण्यावाचून हाल झाले, वीसच्या वर माणसं गेली, लोक त्याच्या जिवावर उठले आणि त्याला पळून जावं लागलं. आणि धडा घेतला म्हणाल तर पुढच्याच वर्षी, १८४६ ला, डोनर मंडळी, असाच पश्चिमेला निघालेला गाड्यांचा तांडा, निघाली हेस्टिंग्ज नावाच्या माणसाच्या शॉर्टकटने. या हेस्टिंग्जने तर त्या शॉर्टकटची शिफारस पुस्तकात छापली होती, स्वतः त्या वाटेनं गाड्या न नेता! पुढे बर्फात अडकले, जवळजवळ निम्मे मेले. त्याला फीडबॅक फॉर्म कोणी दिला होता का ते बघायला पाहिजे.

हो हो, संपवतोय. एकच सीन सांगतो. एमिली बंदूक उडवते, इशाऱ्यासाठी. एक बार, मग दारू भरायची, गोळी घालायची, गज ठासायचा, आणि कॅमेरा हलत नाही, सगळं होईपर्यंत बघत राहतो, मग दुसरा बार. इतर सिनेमांत एवढ्या वेळात बारा माणसं पडतात. तुम्हाला कंटाळा येईल, मान्य. पहिली वीस मिनिटं मलाही आला होता. जांभई द्या, पण उठू नका.

शेवटाबद्दल काही बोलत नाही. माझा मेव्हणा शेवट झाल्यावर म्हणाला होता, 'पुढची सीडी कुठाय?'

चला, तेवढे दिवे घालवा. आणि प्रोजेक्टरवर कोण आहे? मगाशी तपासताना तुम्ही आवाज वाढवलात ना, तो परत खाली घ्या. पुरुष लांब जाऊन बोलायला लागले की इथनं कोणीतरी 'आवाज, आवाज' करून ओरडणार, गेल्या वेळेला ओरडले होते. वाढवू नका. ऐकू येत नाही तसंच ठेवा.